कर्ता नसलेला निषेध : सीरियातील रासायनिक अस्त्रे आणि जगाची भाषा

धागाकर्ता : मध्यमपद

मराठीतला कर्मणी प्रयोग शिकवताना मी वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो आहे : 'काच फोडली गेली.' वर्गात हमखास हशा पिकतो, कारण कुणी फोडली हे न सांगता फुटल्याचे दुःख व्यक्त करायची ही सोय प्रत्येकाने घरी कधी ना कधी वापरलेली असते. सीरियातील रासायनिक हल्ल्यांवरचे आंतरराष्ट्रीय ठराव आणि अहवाल गेले काही महिने सवडीने वाचताना हे वाक्य मला वारंवार आठवत राहिले, म्हणून हा धागा.

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कसला लागून असलेल्या आणि तेव्हा बंडखोरांच्या ताब्यात असलेल्या घौता परिसरात, म्हणजे पूर्वेकडे झमल्का व ऐन तर्मा येथे आणि पश्चिमेकडे मुअद्दमिया येथे, सरीन हे विष भरलेली रॉकेटे पडली. त्या रात्री दोन ते पाचच्या दरम्यान तापमान उतरत होते, म्हणजे हवा वर चढण्याऐवजी जमिनीकडे येत होती, आणि सरीनची वाफ मुळातच हवेपेक्षा जड असते. तोफांच्या माऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून कित्येक कुटुंबे तळघरांत झोपत होती. बॉम्बपासून वाचवणारी जागा या विषासाठी सर्वांत वाईट जागा ठरली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेची मदत असलेल्या तीन रुग्णालयांत तीन तासांच्या आत सुमारे ३,६०० रुग्ण आले आणि त्यांपैकी ३५५ दगावल्याची नोंद झाली. एकूण मृतांचा अमेरिकेने दिलेला आकडा १,४२९ होता, तर ब्रिटनने किमान ३५० असे म्हटले. ही तफावतही बरेच काही सांगून जाते.

विलक्षण योगायोग असा, की संयुक्त राष्ट्रांचे तपास पथक तेव्हा दमास्कसमध्येच उतरलेले होते. स्वीडिश शास्त्रज्ञ ओके सेलस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली ते १८ ऑगस्टला पोहोचले होते, पण मार्चमध्ये खान अल-असल येथे झालेल्या दुसऱ्याच एका घटनेच्या तपासासाठी, आणि त्या तपासाची मागणी खुद्द सीरियन सरकारने केली होती. घौता तिथून काही किलोमीटरवर. तरीही प्रत्यक्ष पोहोचायला २६ तारीख उजाडली, आणि त्या दिवशीही वाटेत पथकाच्या पहिल्या गाडीवर लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या.

१६ सप्टेंबरला अहवाल आला. जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या रॉकेटांतून सरीन वापरले गेल्याचे स्पष्ट व खात्रीलायक पुरावे मिळाल्याचे त्यात म्हटले होते, आणि तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी ८५ टक्क्यांत सरीनचा अंश सापडला होता. 'वापरले गेले.' कुणी वापरले हे ठरवण्याचा अधिकारच पथकाला दिलेला नव्हता. मात्र अहवालाच्या परिशिष्टात एक गोष्ट आहे, जिच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. जमिनीत रुतलेल्या रॉकेटांच्या खुणांवरून ती कोणत्या दिशेने आली, याचे अंश तपासनिसांनी मोजून नोंदवले आहेत. नकाशा आणि कोनमापक घेऊन ती रेघ मागे ओढणे कुणालाही शक्य होते आणि 'ह्यूमन राइट्स वॉच' या मानवी हक्क संघटनेने ती ओढलीही. अहवालाने स्वतः मात्र ओढली नाही.

मग २७ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २११८ एकमताने मंजूर केला. सीरियातील रासायनिक अस्त्रांच्या कोणत्याही वापराचा आणि विशेषतः २१ ऑगस्टच्या हल्ल्याचा त्यात अत्यंत कठोर शब्दांत निषेध आहे. शब्द खरोखरच कठोर आहेत, फक्त वाक्याला कर्ता नाही. ज्याचा कर्ता सांगितलेला नाही अशा कृत्याच्या निषेधाला काय किंमत द्यावी, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद : कलम बत्तीस

धागा आवडला, पण एका महत्त्वाच्या मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. कर्ता गाळणे ही त्या ठरावाची उणीव म्हणण्यापेक्षा त्याची किंमत म्हणावी लागेल. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री केरी आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांच्यात १४ सप्टेंबरला जिनिव्हात जो समझोता झाला, त्यावर हा ठराव उभा होता. सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या राजवटीचे नाव त्यात घातले असते तर रशियाने हात वर केला नसता, आणि मग सीरियाने रासायनिक अस्त्रबंदी करारात सामील होणे, साठ्याची कबुली देणे, तो देशाबाहेर नेऊन नष्ट करणे, यांतले काहीच घडले नसते. सीरियाने सुमारे १,३०० टन रसायने जाहीर केली आणि त्यांची शेवटची खेप २३ जून २०१४ रोजी देशाबाहेर गेली. त्यांतली सर्वांत घातक द्रव्ये 'केप रे' या अमेरिकन जहाजावर भूमध्य समुद्रात निष्प्रभ करण्यात आली. कर्ता नसलेल्या वाक्याने केलेले हे काम आहे, आणि ते लहान नाही.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठराव २२३५ द्वारे सुरक्षा परिषदेने संयुक्त राष्ट्रे आणि हेगची रासायनिक अस्त्रबंदी संघटना (ओपीसीडब्ल्यू) यांची एक संयुक्त तपास यंत्रणा नेमली, आणि तिला नेमका तोच अधिकार दिला जो सेलस्ट्रॉम यांना नव्हता : दोषी कोण ते सांगण्याचा. तिने सांगितले. तलमेनिस, सरमीन आणि क्मेनास येथील क्लोरीन हल्ल्यांसाठी सरकारी सैन्य आणि मारेआ येथील मस्टर्ड वायूच्या हल्ल्यासाठी आयसिस जबाबदार असल्याचे तिने नोंदवले, म्हणजे हिशेब एकतर्फी नव्हता. ४ एप्रिल २०१७ रोजी खान शेखून येथे झालेल्या सरीन हल्ल्याची जबाबदारी सीरियन सरकारवर असल्याचा तिचा निष्कर्ष २६ ऑक्टोबर २०१७ रोजी आला. त्याच्या दोन दिवस आधी रशियाने या यंत्रणेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला होता. नोव्हेंबरात १६ आणि १७ तारखेला लागोपाठ पुन्हा वापरला. यंत्रणा बंद पडली. तुमच्या भाषेत सांगायचे तर, वाक्याला कर्ता मिळाला आणि वहीच काढून घेतली गेली.

प्रतिसाद : शंकासुर

माझे नाव सार्थ करतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी याच सुरक्षा परिषदेत इराककडे संहारक अस्त्रे असल्याचे 'पुरावे' ठामपणे मांडले होते. तेव्हा कर्ता होता, कर्म होते, क्रियापदही होते, फक्त अस्त्रे नव्हती. त्या अनुभवानंतर जगाने असे आरोप दोनदा तपासून पाहिले तर त्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. २९ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रिटिश संसदेने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला, तो बव्हंशी इराकच्याच आठवणीने.

दुसरे, ती नकाशावरची रेघ. झमल्काच्या बाजूला सापडलेल्या मोठ्या रॉकेटांचा पल्ला साधारण दोन किलोमीटरच असावा, असे काही क्षेपणास्त्र अभ्यासकांनी नंतर दाखवले, आणि हा अंदाज रास्त वाटतो असे खुद्द सेलस्ट्रॉम यांनीही मान्य केले. मग नऊ किलोमीटरवरच्या कासियून डोंगरावरील सरकारी लष्करी तळापर्यंत ओढलेल्या रेघेचे काय करायचे? तिसरे, ७ एप्रिल २०१८ रोजी दमास्कसजवळच्या डूमा येथे झालेल्या हल्ल्याच्या तपासाबाबत ओपीसीडब्ल्यूच्याच निरीक्षकांत मतभेद झाले आणि अंतर्गत कागद बाहेर आले. मी असद यांचा वकील नाही. पण पुराव्यातल्या फटी झाकून निषेध करू नये.

प्रतिसाद : वऱ्हाडी वैद्य

राजकारणातले मला फारसे कळत नाही, पण सरीनसंबंधी जे लिहिले जाते त्यात एक गोष्ट सहसा येत नाही, आणि ती आपल्या भागाशी निगडित असल्यामुळे सविस्तर लिहितो.

सरीन आणि कपाशीवर फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके एकाच कुळातली आहेत. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्रॅडर हे रसायनतज्ज्ञ नवी कीटकनाशके शोधत असताना आधी टाबून आणि मग १९३८ मध्ये सरीन हाती लागले. दोन्हींची तऱ्हा सारखीच. मज्जातंतू स्नायूला निरोप देण्यासाठी ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतो आणि काम झाले की एक विकर (एन्झाइम) ते लगेच मोडून टाकते. हे विष त्या विकरालाच बांधून टाकते. निरोप पोहोचतच राहतो, थांबत नाही. डोळे, नाक, तोंड पाझरू लागते, छातीत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. फरक आहे तो मात्रेचा आणि वेगाचा. फवारणीत जे काही तासांत घडते ते सरीन काही मिनिटांत घडवते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे बहुतेकांना आठवत असेल. मी तेव्हा शेजारच्याच एका जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात होतो. असा रुग्ण खाटेवर आला की आम्ही पहिल्यांदा त्याची पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, अंधारातसुद्धा मोठी होत नाही. मग कपडे काढून साबणाने अंग धुणे, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध. एकेका रुग्णाला इतके लागते की दोन-तीन गंभीर रुग्ण एका रात्रीत आले तर कपाट रिकामे व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे एकदा ते झाले आणि पहाटे जीप पाठवून तालुक्याहून मागवावे लागले. घौत्यातील तळघरांतून आलेल्या मुलांची चित्रफीत पाहिली तेव्हा फेस आणि फडफड यांच्या आधी मला त्या बाहुल्या दिसल्या. तीन तासांत ३,६०० रुग्ण, वेढा पडलेला भाग, बाहेरून औषध यायला वाट नाही. हे गणित मी करून पाहिले आणि सोडून दिले.

शंकासुर यांना एवढेच सांगेन, की विष कोणते होते याबद्दल वैद्यकीयदृष्ट्या शंकेला जागा उरलेली नाही. कुणी टाकले ते वकील मंडळींनी पाहावे.

प्रतिसाद : ओसरी

वैद्य, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ दुसरे काही वाचता आले नाही.

अवांतर : धागाकर्त्यांना नम्र सूचना, की 'काच फोडली गेली' हा प्रकार जुन्या कर्मणीत बसत नाही, त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात.

प्रतिसाद : मध्यमपद

ओसरी, चूक कबूल. वर्गात सांगताना मी तो फरक करतो, इथे घाईत राहिला.

शंकासुर, पल्ल्याचा आक्षेप योग्य आहे आणि कासियूनची रेघ त्यामुळे कमकुवत होते हे मान्य. पण दिशा चुकली असे त्यातून निघत नाही, रेघ आखूड होते एवढेच. शिवाय दोषारोप केवळ रेघेवर उभा नाही. पाउलो पिनेरो यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या आरंभी असे नोंदवले, की विषाचा दर्जा आणि प्रमाण पाहता हल्लेखोरांना सीरियन सैन्याच्या साठ्यापर्यंत पोहोच असावी. खान शेखूनच्या बाबतीत तर संयुक्त यंत्रणेने विषाची 'जात' तपासली. सरीन बनवताना वापरलेले पूर्वद्रव्य (ज्यापासून ते तयार होते ते रसायन) आणि त्यातली अशुद्धी हाताच्या ठशांसारखी मागे राहते, आणि ती सीरियाच्या मूळ साठ्याशी जुळली. म्हणजे कलम बत्तीस म्हणतात तो १,३०० टनांचा हिशेब खरा असला तरी पुरा नव्हता.

प्रतिसाद : जुना वाचक

मध्यमपद यांचा मूळ मुद्दा असा दिसतो, की कर्त्याचे नाव घेतले असते तर काही वेगळे घडले असते. इतिहासात ते एकदा घडलेले आहे, आणि परिणाम निराशाजनक आहे.

इराण-इराक युद्धात इराकने वर्षानुवर्षे मस्टर्ड वायू आणि टाबून वापरले. २१ मार्च १९८६ रोजी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांच्या निवेदनात इराकी सैन्याने इराणी सैन्यावर रासायनिक अस्त्रे वापरल्याचे नाव घेऊन म्हटले गेले. तुम्हाला हवे होते तसे, अगदी कर्तरी प्रयोगात. दोन वर्षांनी, १६ मार्च १९८८ रोजी, हलबजा या कुर्द शहरावर त्याच राजवटीने विषारी वायू सोडला आणि सुमारे ५,००० माणसे मेली. त्यानंतर मे महिन्यात सुरक्षा परिषदेने ठराव ६१२ केला, तर त्यात वापराचा जोरदार निषेध होता आणि 'दोन्ही बाजूंनी' संयम पाळावा अशी अपेक्षा! दोन वर्षांपूर्वी घेतलेले नाव पुन्हा गाळले गेले होते. त्या काळात सद्दाम हुसेन अनेक बड्या राष्ट्रांना इराणविरुद्ध हवे होते, हे कारण सांगायला फार मोठे राजकीय पांडित्य लागत नाही.

प्रतिसाद : ओसरी

एक भाबडा प्रश्न विचारते. सीरियाच्या युद्धात लाखो माणसे मेली, आणि त्यांतली बहुसंख्य साध्या बॉम्बनी, हेलिकॉप्टरमधून ढकललेल्या स्फोटकांच्या पिंपांनी, उपासमारीने आणि तुरुंगातल्या छळाने. वायूने मेलेल्यांचा वाटा त्यात फार थोडा आहे. मग जगाने वायूसाठीच 'लाल रेषा' का आखावी? ओबामांनी २० ऑगस्ट २०१२ रोजी ती आखली, याचा सीरियातल्या सामान्य माणसाने असा अर्थ घेतला असेल का, की बाकी सगळे चालते?

प्रतिसाद : कलम बत्तीस

प्रश्न भाबडा मुळीच नाही. सीरियातील कित्येकांनी तोच अर्थ घेतला आणि तसे बोलूनही दाखवले.

कायद्याच्या बाजूचे उत्तर असे, की युद्धात विषारी वायू वापरण्यास बंदी घालणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा करारापासून हा एक निर्बंध तुलनेने टिकून आहे, आणि तो टिकण्याचे एक कारण म्हणजे हे अस्त्र सैनिक आणि नागरिक यांच्यात भेदच करू शकत नाही. वारा फिरला की सगळे संपले. तळघराचे वर्णन वर आलेच आहे. नागरिकांनी लपण्यासाठी जे काही करावे ते सर्व वायू निरुपयोगी करतो. हे उत्तर मला पटते, पण पिंपाखाली मुलगा गमावलेल्या आईला ते देण्याचे धाडस मी करणार नाही.

जुना वाचक यांच्या हलबजाच्या मुद्द्याला एक जोड देतो. हॉलंडचे व्यापारी फ्रान्स व्हान आनराट यांनी इराकला मस्टर्ड वायूचे पूर्वद्रव्य विकले होते, त्यांना हेगच्या न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये युद्धगुन्ह्यातील साथीदार म्हणून शिक्षा सुनावली. हलबजाचे सूत्रधार अली हसन अल-मजीद यांना इराकमधल्या खटल्यात जानेवारी २०१० मध्ये देहदंड झाला आणि त्याच महिन्यात तो अमलातही आला. म्हणजे नाव घेतल्याने हल्ला थांबला नाही, हे खरे, पण नोंदवलेल्या नावाला सतरा-बावीस वर्षांनी का होईना न्यायालयात उभे करता आले.

प्रतिसाद : शंकासुर

मग भारताचेही नाव घेऊ या, कर्तरीत. जून २०१८ मध्ये हेग येथे झालेल्या विशेष अधिवेशनात ओपीसीडब्ल्यूला दोषी ठरवण्याचा अधिकार देणारा प्रस्ताव ८२ विरुद्ध २४ मतांनी मंजूर झाला, आणि त्या २४ विरोधी मतांत रशिया आणि इराण यांच्याबरोबर भारत होता. पुरेशी सल्लामसलत झाली नाही, असे कारण आपण दिले. विशेष म्हणजे याच विषयात आपले हात इतरांपेक्षा स्वच्छ आहेत : १९९७ मध्ये आपण १,०४४ टन मस्टर्ड वायूचा साठा स्वतःहून जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो संपूर्ण नष्ट केला. सीरियाचा साठा नष्ट करण्याच्या कामाला आपण दहा लाख डॉलरही दिले होते. साठा नष्ट व्हावा यासाठी पैसे द्यायचे, आणि कुणी वापरला हे विचारायची वेळ आली की विरोधात मत द्यायचे, हे मला त्या वेळीही पटले नव्हते.

(होय, मीच लिहितो आहे. शंका दोन्ही दिशांनी घ्यायची असते.)

प्रतिसाद : वऱ्हाडी वैद्य

शंकासुर, या प्रतिसादाबद्दल तुम्हाला वऱ्हाडी ठेचा आणि भाकरीचे आमंत्रण.

डूमाच्या तपासाचे पुढे काय झाले, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद : मध्यमपद

वैद्य, २०१८ च्या ज्या मतदानाचा वर उल्लेख आला, त्यातून ओपीसीडब्ल्यूचे जे शोधपथक निर्माण झाले, त्याने डूमासंबंधीचा अहवाल २७ जानेवारी २०२३ रोजी दिला. आधीच्या वादातले आक्षेप आणि पर्यायी शक्यताही त्याने तपासल्या आहेत. सीरियन हवाई दलाच्या किमान एका हेलिकॉप्टरने क्लोरीनची दोन पिवळी नळकांडी दोन इमारतींवर टाकली आणि त्यात ४३ जण मरण पावले, असे मानण्यास सबळ आधार असल्याचे तो म्हणतो. हे ४३ जण नावानिशी नोंदवलेले आहेत. कर्ता आहे, कर्म आहे, आणि मेलेल्यांची नावेही आहेत. जुना वाचक यांच्या १९८६ च्या दाखल्यानंतर मी माझे मूळ म्हणणे थोडे मागे घेतो : नाव घेतल्याने निषेध परिणामकारक होतोच असे नाही. पण नाव नसेल तर पुढे कुणाला काही विचारायचे असल्यास वाक्य सुरूच करता येत नाही.

बंडखोरांची बाजूही स्वच्छ नव्हती, हे इथे नोंदवायला हवे. घौत्यातील मृतांची नोंद ठेवणाऱ्यांत वकील रझान झैतूना आघाडीवर होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना तीन सहकाऱ्यांसह डूमातूनच पळवून नेण्यात आले. तो भाग तेव्हा बंडखोरांच्या ताब्यात होता, आणि पुढे त्या कधीच परतल्या नाहीत. हे वाक्य लिहिताना मीही कर्ता गाळला आहे, तो माझ्यापाशी नाही म्हणून.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद मॉस्कोला पळाले. मार्च २०२५ मध्ये सीरियाचे नवे परराष्ट्रमंत्री हेगला जाऊन ओपीसीडब्ल्यूसमोर बोलले आणि उरलेला साठा शोधून नष्ट करण्यास सहकार्याचे आश्वासन देऊन आले. २०१३ च्या हल्ल्यांसाठी फ्रान्समधील न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये असद यांच्यावर काढलेले अटक वॉरंट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले, कारण वॉरंट काढले तेव्हा असद पदावर असलेले राष्ट्रप्रमुख होते. आता ते पदावर नाहीत, त्यामुळे नवे वॉरंट काढण्यास आडकाठी नसल्याचेही त्याच निकालात आहे.

प्रतिसाद : ओसरी

म्हणजे आता ती रेघ पुन्हा ओढता येईल. कासियूनच्या तळावर आज माणूस चालत जाऊ शकतो, आणि झमल्कातून दोन किलोमीटरवरच्या त्या दुसऱ्या जागेवरही.